पूल आणि आठ महिने

वर्धा जिल्ह्याची वाटणी नद्यांनी केली आहे. वर्धा, धाम, वणा, बोर, यशोदा. कोणत्याही दिशेने निघावे, तर पूल ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील कापसाचा व्यापार याच पुलांवरून चालत आला. पेढीवरच्या खातेवहीत पुलाचे नाव कधी लिहिले जात नाही; तो बंद पडला की मात्र वाहतूक-खर्चाच्या रकान्यात ते आपोआप उमटते.

जुन्या पुलाची दुरुस्ती म्हणजे कठड्यांना चुना फासणे नव्हे. गाळ्याचा भार खांबावर पेलणारी बेअरिंग गंजून जखडली, तर उन्हाने प्रसरणाऱ्या काँक्रीटला वाव उरत नाही आणि त्याला तडे जातात. सांध्यांतून पाणी झिरपले की आतील सळई गंजून फुगते व वरचे काँक्रीट सुटू लागते. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मातीने बुजलेल्या असणे हे तर नेहमीचेच दृश्य. त्या मोकळ्या करण्यास खर्च तो कितीसा? परंतु खरा धोका दिसतच नाही. पुराचा प्रवाह खांबाच्या बुडाची वाळू उकरून नेतो आणि पाया उघडा पडतो.

महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल 1928 सालचा. मे 2016 मध्ये त्याची पाहणी होऊन तो सुरक्षित ठरला होता. 2 ऑगस्टच्या रात्री महापुरात तो कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला व 5 जून 2017 रोजी खुला झाला. एवढी त्वरा शक्य असते, हे कळण्यासाठी मोजलेली किंमत फार मोठी होती.

कठड्यांचेही तसेच. जानेवारी 2022 मध्ये देवळी-वर्धा मार्गावर सेलसुऱ्याजवळ मोटार पुलावरून कोसळून वैद्यकीय शाखेचे सात विद्यार्थी दगावले.

दुरुस्तीची अडचण पैशांइतकीच ऋतूचीही आहे. पावसाळ्यात खांबाशी उतरता येत नाही, म्हणून काम करायचे ते दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत. नेमका तेव्हाच कापूस जिनिंगकडे निघतो, आणि चातुर्मास संपवून साधू-साध्वींचा पायी विहारही याच आठ महिन्यांत चालतो. अरुंद पुलावर पदपथ नसेल, तर भरधाव ट्रकच्या शेजारून चालणाऱ्यांचे काय होते, हे विहारसेवेत असलेल्या कुटुंबांना सांगावयास नको.

त्यामुळे पूल बंद होण्याची सूचना लागताच पहिला विरोध बाजारपेठेतूनच होतो. हंगाम आटोपू द्या, असे म्हणता म्हणता मृग उजाडतो. अर्धी वाहतूक चालू ठेवून एकेक बाजू दुरुस्त करणे, नदीपात्रात तात्पुरता वळणरस्ता काढणे, अवजड गाड्यांना वजनाची मर्यादा घालणे हे मार्ग अभियंत्यांना ठाऊक असतात. मर्यादेचा फलकही लागतो. त्याच पुलावरून जाणाऱ्या ट्रकमध्ये किती गाठी भराव्यात, हे मात्र पेढीवर ठरते.