वाघ थोडेच का?

ताडोबाच्या जंगलात चितळांचे कळप दिसतात, वाघ मात्र एकटा. याचं उत्तर त्याच्या दराऱ्यात नाही, ऊर्जेच्या हिशेबात आहे. झाडोऱ्यावर पडणाऱ्या उन्हातला जेमतेम एखादा टक्का पानात आणि गवतात साठतो. चितळ गवत खातं, पण त्यातलं बरंच लेंड्यांतून बाहेर पडतं. पचलेल्यातलाही मोठा वाटा श्वास, धावपळ आणि अंगाची ऊब राखण्यात खर्च होतो. मांस होऊन उरतो तो लहानसा अंश. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी सुमारे ५० जनावरं लागतात, आणि कळप न खचता ती मिळायची तर मागे सुमारे ५०० जनावरं हवीत. असा जमाखर्च रेमंड लिंडमननं अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका लहान तळ्याचा मांडला होता. १९४२ साली तो छापून आला तेव्हा हा तरुण अभ्यासक हयात नव्हता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. समुद्रात काही ठिकाणी वनस्पती-प्लवकांचं वजन त्यांना खाणाऱ्या जीवांपेक्षा कमी भरतं. मग अन्नसाखळीच्या मनोऱ्याचा पाया अरुंद आणि माथा रुंद कसा? वजन ही त्या घडीची शिल्लक असते, ऊर्जा ही उलाढाल. प्लवक एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, म्हणून थोड्या शिल्लकीवरही वरच्यांचं पोट भरतं. साखळीच्या दर पायरीला दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते, हा नेहमी सांगितला जाणारा नियमही ढोबळ मापच. प्रत्यक्षात ते बरंच कमीजास्त होतं. शिवाय लेंड्या आणि पाचोळा वाया जात नाही. त्यावर वाळवी जगते आणि वाळवीवर अस्वल. परत न मिळणारी असते ती फक्त उष्णता.