आखूड नळीची ठासणीची बंदूक: खांद्याला हलकी, नेमाला अवघड

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि बसमध्ये आवाज येत नाही म्हणून वाचणाऱ्यांचंही.

'कार्बाइन' हा शब्द तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाइल गेममध्ये ऐकलाय. बटण दाबलं की दोन सेकंदांत भरते, धडाधड गोळ्या सुटतात. मी आज जिच्याबद्दल बोलणार आहे, ती कार्बाइन एकदा उडाली की पुन्हा भरायला सरावलेल्या हाताला अर्धा-एक मिनिट लागतो. तोवर हरीण टेकडीपलीकडे गेलेलं असतं. म्हणजे हातात असतो एकच बार. आजचा सगळा विषय त्या एका बाराचा आहे. (शब्द तसा आपल्यालाही नवा नाही बरं का, जुन्या मराठीत कार्बाइनला 'कडाबीन' म्हणत.)

ठासणीची म्हणजे कशी?

दारू नळीच्या तोंडातून ओतायची. त्यावर तेल-चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात बसवलेली शिशाची गोळी ठेवायची आणि गजाने ती पार तळाशी ठासायची. म्हणून ठासणीची. पेटवायला आधी चकमक होती, पुढे एकोणिसाव्या शतकात छोटी तांब्याची टोपी आली. नळीच्या आत पिळदार खाचा असतील तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. ती रायफल.

नळी आखूड का केली?

याचं उत्तर कारखान्यात नाही, जमिनीत आहे. अठराव्या शतकात जर्मनीच्या दाट जंगलात रानडुक्कर आणि हरणाच्या शिकारीला 'यॅगर' रायफल वापरत. यॅगर म्हणजेच शिकारी. नळी साधारण ३० इंच, तोंड रुंद, गोळी जड. झाडीत सावज जवळच दिसतं, लांब नळी फांद्यांत अडकते.

हेच जर्मन कारागीर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात गेले आणि तिथे नळी वाढत वाढत ४० इंचांच्या वर गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात लोक पश्चिमेला रॉकी पर्वतांकडे निघाले, तेही घोड्यावर. आता चार फुटी नळी घेऊन घोड्यावर चढून बघा! सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांनी आखूड, जाड नळीच्या, मोठ्या गोळीच्या रायफली बनवल्या आणि फासेपारध्यांसारखं रानोमाळ फिरणाऱ्या तिथल्या फर-शिकाऱ्यांनी त्या उचलून धरल्या.

हीच ओढ विसाव्या शतकातही दिसते. थॉम्पसन सेंटर कंपनीने १९७० मध्ये 'हॉकेन' नावाची रायफल काढली, नळी २८ इंच. नंतर त्यांचीच 'व्हाइट माउंटन कार्बाइन' आली, ती २१ इंचांच्या आसपास. मचाणावर बसणाऱ्याला, झुडपातून वाकून चालणाऱ्याला ती सोयीची.

मग तोटा कुठे?

बहुतेक जण म्हणतात, 'नळी आखूड, म्हणजे गोळीचा वेग कमी.' कमी होतो, खरंय. २८ ची २१ इंच केली तर ढोबळमानाने पाच-दहा टक्के, दारू किती भरली त्यावर कमी-जास्त. पण जवळच्या हरणाला तेवढ्याने फरक पडत नाही. गोल गोळी तशीही हवेत वेग भराभर गमावते. त्यामुळे या बंदुका मुळातच जवळच्या शिकारीच्या.

खरा तोटा नेमात आहे. नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे एक खाच असते. खाचेतून माशी आणि सावज एका रेषेत आणायचं. आता साधा हिशेब करू. माशी आणि खाच यांत ७५ सेंटीमीटर अंतर आहे आणि तुमची माशी १ मिलिमीटर सरकली. ६० मीटरवर गोळी ८ सेंटीमीटर बाजूला जाईल. तेच अंतर ५० सेंटीमीटर असेल, तर १२ सेंटीमीटर.

चार सेंटीमीटरचाच तर फरक, असं वाटेल. पण हरणाच्या हृदय-फुफ्फुसाची जागा साधारण २० सेंटीमीटर रुंद धरतात. मधोमध नेम धरला तर दोन्हीकडे १० सेंटीमीटर. ८ वाली गोळी आत बसते आणि जनावर पटकन मरतं. १२ वाली बाहेर जाते आणि हरीण जखमी होऊन पळतं. मग कुठेतरी झाडीत तासन्‌तास तडफडतं. दुसरा बार मारायला वेळ नसतोच.

त्यात आणखी एक. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर ठिणगी, मग कानातली दारू, मग आतला बार, असा किंचित उशीर होतो. तेवढा वेळ नळी स्थिर हवी. लांब नळीचं पुढचं वजन हात धरून ठेवतं, हलकी आखूड नळी डुलते. आणि भरताना तिचं तोंड आपल्या चेहऱ्याच्या जास्त जवळ येतं, हा वेगळाच धोका.

दुर्बीण लावली की माशी-खाचेचा प्रश्न मिटतो. पण अनेकांना जुन्या पद्धतीनेच शिकार करायची असते. पेन्सिल्व्हेनियात तर ख्रिसमसनंतरचा हरणांचा एक हंगाम चकमकीच्या बंदुकांसाठीच राखलेला आहे. अशा वेळी आखूड नळीवाल्यापुढे प्रामाणिक उपाय एकच: आपलं अंतर ठरवायचं, ४०-५० मीटर म्हणजे तेवढंच, आणि त्यापलीकडचं सावज कितीही देखणं असलं तरी जाऊ द्यायचं. थोडक्यात, नळीचे जे इंच कमी केले, ते पायांनी चालून भरून काढायचे.

आणि आपल्याकडे?

कोकणातल्या श्रोत्यांनी घरात ठासणीची बंदूक पाहिली असेल. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. पण परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे वन्यप्राण्यांची शिकार गुन्हा आहे. तेव्हा आजचं ज्ञान डोक्यात ठेवा, रानात नेऊ नका!

एक गृहपाठ देतो. आजोबांना विचारा, तुमच्या गावात बंदुकीच्या कोणत्या भागाला काय म्हणत. आलेले शब्द मला कमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू!