समुद्राकडून रस्ता येत नाही

वाशीमच्या माणसाला विचारा, अकोला किती लांब? तो किलोमीटर सांगेल. मुंबईकराला विचारा, दादरहून बोरिवली किती लांब? तो उलट विचारेल, "निघणार किती वाजता?"

वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलेली कार ताशी १२०ची मर्यादा पाळून, चहापाण्याला थांबूनही पाच-साडेपाच तासांत भिवंडीजवळच्या आमण्याला उतरते. सुमारे पाचशे किलोमीटर झालेले असतात. पुढे नरिमन पॉइंटपर्यंतच्या साठ-सत्तर किलोमीटरचा मात्र कुणी भरवसा देत नाही. हत्ती निघून जातो, शेपूट अडकतं!

असं का? वाशीमवर बोट ठेवा. मालेगाव, मंगरूळपीर, रिसोड, हिंगोली, चहूकडे रस्ते फुटलेले. या पठारावर पावसाच्या पाण्यालाही दोन वाटा आहेत. काटेपूर्णेत पडलं तर तापीवाटे अरबी समुद्र, पैनगंगेत पडलं तर गोदावरीवाटे थेट बंगालचा उपसागर.

मुंबईला पश्चिमेकडून एकही रस्ता येत नाही, तिथे समुद्र आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला मधोमध शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल. उरलेल्या पट्टीतून सकाळी लाखो माणसं दक्षिणेकडे निघतात आणि संध्याकाळी सगळी एकदमच परततात.

आता साधं गणित. दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर ठेवलं, तर एका लेनमधून तासाला १८०० गाड्या जातात. वेग वाढवला तरी आकडा जवळपास तोच. १८०१वी गाडी रांगेत, तिच्यामागे दुसरी, आणि रांग वाढतच जाते.

पण मला खरी गंमत वाटते ती जपानी संशोधकांच्या प्रयोगाची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने फिरवल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवी म्हैस नाही. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली! कुणी किंचित ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागचा थांबलाच. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी ताशी सुमारे वीस किलोमीटरने मागे सरकत होती.

जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला. २१.८ किलोमीटरपैकी साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. खाडीने अखेर वाट दिली. गाडी भरधाव शिवडीला उतरते, आणि पुन्हा त्याच चिंचोळ्या पट्टीत शिरते.