फ्यूज शाबूत, तार मात्र जळाली

श्रावणात लातूर-नांदेडच्या शिवारांत सोयाबीनवर फवारणी चालू असते. पूर्वी पाठीवरच्या पंपाचा दांडा एका हाताने सारखा मारावा लागे. आता पुष्कळ ठिकाणी बॅटरीवर चालणारा पंप आला आहे. १६ लिटरची टाकी, तळाशी १२ व्होल्टची बॅटरी आणि एक लहानशी मोटार, एवढाच त्याचा संसार.

मागे एकदा आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी असा पंप घेऊन प्रयोगशाळेत आला. आतली तार काळीठिक्कर पडली होती आणि तिचे आवरण वितळून टाकीला चिकटले होते. जळका वास आला तेव्हा पंप त्याच्या वडिलांच्या पाठीवर होता. पट्टे चटकन सुटले म्हणून निभावले. त्याने विचारले, "सर, फ्यूज तर शाबूत आहे. मग तार जळाली कशी?"

१२ व्होल्टला कोणी भीत नाही. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, त्यामुळे बॅटरीच्या दोन्ही अग्रांना हात लावला तरी झटका जाणवत नाही. पण आग लागण्याचा संबंध त्वचेशी नसून बॅटरीच्या अंतर्गत रोधाशी आहे. विजेरीचे ८ साधे घट एकसर जोडले तरी १२ व्होल्टच मिळतात. पण प्रत्येक घटाचा अंतर्गत रोध अर्धा ओहम धरला, तर त्यांच्यातून फार तर ३ अँपियर धारा निघेल. पंपातल्या शिसे-आम्ल बॅटरीचा अंतर्गत रोध मात्र ०.०२ ओहमच्या आसपास असतो.

आता वहीत गणित मांडा. पंपातली तांब्याची तार ०.५ चौरस मिलिमीटर छेदाची, जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर लांब. तिचा रोध सुमारे ०.०२ ओहम. दोन तारा एकमेकींना चिकटून लघुपथन झाले, तर एकूण रोध ०.०४ ओहम आणि धारा १२ ÷ ०.०४ म्हणजे ३०० अँपियर! जोडांचा रोध धरल्यास ती काहीशी कमी भरेल, पण जूलच्या नियमाप्रमाणे तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३०० × ३०० × ०.०२ म्हणजे १८०० वॅट. घरच्या इस्त्रीपेक्षाही जास्त, आणि तीही जेमतेम पावणेतीन ग्रॅम तांब्यात! आवरण मऊ व्हायला सेकंदाचा अंशही पुरतो.

फ्यूज म्हणजे परिपथातील मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा. धारा वाढली की तार तापण्याआधी तो वितळतो. पण त्याच्यातून धारा गेली तरच! त्या पंपाचा मूळ फ्यूजधारक तुटला होता आणि दुरुस्त करणाऱ्याने नवा धारक सोयीसाठी मोटारीजवळ बसवला होता. तारा घासल्या त्या मात्र बॅटरी आणि फ्यूज यांच्या दरम्यान. ३०० अँपियर तिथूनच परत फिरले, फ्यूजपर्यंत पोचलेच नाहीत. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन अग्रापासून चार बोटांच्या आत हवा. मुळात तो तारेच्या रक्षणासाठी असतो; गाळ अडकून मोटार थांबली आणि जास्त धारा ओढू लागली, तर तिलाही बहुधा वाचवतो, हा वरचा फायदा.

धारकातला फ्यूज पुढे कधी उडाला तर त्याच्या जागी तांब्याचे केस पिळून बसवायची आपल्याकडची रीत ठाऊक असेलच. प्रीस या ब्रिटिश अभियंत्याने १८८४ च्या सुमारास एक सूत्र दिले. तांब्याच्या तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा दीडावा घात करा आणि ८० ने गुणा. ती तार साधारण तेवढ्या अँपियरला वितळते. वरची ०.५ ची तार ०.२ मिलिमीटरच्या १६ केसांची असते. एक केस सुमारे ७ अँपियरला वितळतो. खरे सांगायचे तर एकट्या केसाने फारसे बिघडत नाही. पण कोणी एकच केस लावत नाही! चार पिळले की आकडा २८ च्या घरात जातो, आणि सिगारेटच्या पाकिटातला चांदी कागद किती अँपियरला जाईल हे तर कोणत्याच सूत्रात बसत नाही.

मोटार चालताना किती धारा घेते ते आम्ही अमीटर लावून पाहिले. ती ३ अँपियरच्या आतच होती. सुरुवातीला मोटार फिरू लागेपर्यंत काटा क्षणभर वर उसळला, पण तेवढ्या अवधीत फ्यूज तापत नाही. तेव्हा ५ अँपियरचा काचेचा फ्यूज धन अग्रालगत बसवला, नवी तार रबरी नळीतून नेली आणि पंप शनिवारी गावी परत गेला.