आकृती पाहा

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. कॉपीविरोधी कायदा १९८२ पासूनच लागू होता, तरी 'भरारी पथक आलं' अशी कुजबुज झाली की वर्गाच्या खिडक्यांतून चिठ्ठ्यांचा पाऊस पडायचा. बोटभर मायक्रो झेरॉक्स, बाहीत पंख्यासारखी घडी घातलेली.

१ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्या सुमाराची गोष्ट. पेपर तपासताना एका उत्तरात 'आकृती पाहा' असं वाचलं. आकृती कुठेच नव्हती. त्याच गठ्ठ्यात आणखी चौघांनी मला तीच न काढलेली आकृती पाहायला सांगितली होती! स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. मग हजेरीपट उघडला आणि हसू ओसरलं. या मुलांच्या घरी पावरी किंवा भिलोरी बोली, आश्रमशाळेत मराठी आणि आता गाईडातली ही तिसरीच भाषा. पाठ करणं काय नि उतरवणं काय, अर्थ दोन्हीकडे सारखाच परका. त्यात दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गुजरातेत जाणार आणि शिकवणारा सीएचबीवाला, तासावर पैसे घेणारा, निम्मं सत्र उलटल्यावर रुजू होणार.

अर्थात सगळं गरिबीच्या माथी मारून भागत नाही. शिकवणी लावलेली शहरातली मुलंही कॉपी करतच होती. मॅककेब आणि ट्रेव्हिनो या अमेरिकन संशोधकांना १९९३ मध्ये आढळलं, की सोबतचे काय करतात या समजुतीचा प्रभाव सर्वांत मोठा. आमच्याकडे त्याला 'सर, सगळेच करतात' म्हणतात.

कोरोनाच्या काळात, २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं आणि पेपर मोबाइलवर आला. शहरात ग्रुपवर उत्तरं फिरली. धडगावकडची पोरं रेंजसाठी टेकडी चढली. त्या वर्षी रेंज नसलेला तेवढा प्रामाणिक राहिला, तोही नाइलाजाने.

आता चॅटबॉट. अलीकडेच गावच्या पाण्यावरचा एक प्रकल्प हाती आला. मराठी अशी की बोट ठेवायला जागा नाही. फक्त तिसऱ्या पानावर 'येथे आपल्या गावाचे नाव लिहा' तसंच राहिलेलं. पोरगा मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा. वही मिटली नि विचारलं, पाणी कुठून आणता? तो अर्धा तास झऱ्यांबद्दल बोलला. कोणता होळीपर्यंत टिकतो, कोणत्यावर गुरं जातात. गुण मी त्या अर्ध्या तासाला दिले.