हॅरी पॉटर मालिकेच्या शेवटाविषयीचे वाचकांचे तर्क

(या लेखात कथानकाचा शेवट उघड केला आहे.)

ब्रिटिश लेखिका जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर या सात खंडांच्या अद्भुतरम्य कादंबरीमालिकेचा शेवट कसा होईल, याविषयी अखेरचा खंड प्रसिद्ध होण्यापूर्वी जगभरातील वाचकांनी अनेक तर्क मांडले. सहावा खंड १६ जुलै २००५ रोजी आणि सातवा खंड २१ जुलै २००७ रोजी प्रकाशित झाला. मधल्या दोन वर्षांत या तर्कांना विशेष भर आला. त्यांपैकी काही अचूक ठरले, काही पूर्णपणे फसले.

पार्श्वभूमी

मालिकेचा पहिला खंड २६ जून १९९७ रोजी प्रसिद्ध झाला. कथा सात खंडांत पूर्ण होणार हे वाचकांना ठाऊक होते. रोलिंग यांची रचनापद्धती रहस्यकथेच्या जवळची आहे. एखाद्या खंडात सहज उल्लेखिलेली वस्तू पुढच्या खंडात निर्णायक ठरते. पहिल्या खंडात ओझरते नाव येणारा सिरियस ब्लॅक तिसऱ्या खंडाच्या केंद्रस्थानी येतो. दुसऱ्या खंडातील टॉम रिडलची रोजनिशी व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा अंश जपणारी वस्तू, म्हणजे हॉरक्रक्स, होती हे सहाव्या खंडात कळते. त्यामुळे जुने खंड पुन्हा बारकाईने वाचले तर शेवटाचा माग लागेल, अशी वाचकांची धारणा झाली आणि ती निराधार नव्हती.

सहाव्या खंडाच्या अखेरीस तीन मोठे प्रश्न अनुत्तरित राहिले. मुख्याध्यापक डम्बलडोर यांना ठार मारणारा स्नेप खरोखर विश्वासघातकी आहे का? खऱ्या लॉकेटच्या जागी खोटे ठेवून 'आर. ए. बी.' अशी आद्याक्षरे सोडणारी व्यक्ती कोण? आणि हॅरी अखेरीस जगतो की मरतो?

प्रमुख तर्क

आर. ए. बी. : ही आद्याक्षरे सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस ब्लॅक याची असावीत, असे बहुसंख्य वाचकांचे मत होते. तो व्होल्डेमॉर्टच्या गोटात जाऊन नंतर मागे फिरला आणि मारला गेला, हे पाचव्या खंडात आले होते. ब्लॅक घराण्याच्या वाड्यात कोणालाही न उघडता आलेले एक जड लॉकेट सापडल्याचा उल्लेखही त्याच खंडात होता. सर्वांत भक्कम पुरावा मात्र अनुवादांनी पुरवला. काही भाषांत 'ब्लॅक' या आडनावाचेही भाषांतर झाले होते. डच आवृत्तीत ते 'झ्वार्ट्स', नॉर्वेजियनमध्ये 'स्वार्ट' आणि फिनिशमध्ये 'मुस्ता' असे आहे. या आवृत्त्यांत चिठ्ठीवरील शेवटचे अक्षरही त्यानुसार बदललेले आढळले. सातव्या खंडात हा तर्क खरा ठरला.

स्नेपची निष्ठा : सर्वाधिक वाद याच प्रश्नावर झाला. स्नेपने ड्रेको मॅल्फॉयच्या आईला मोडता न येणारे वचन दिले होते आणि वाचकांच्या डोळ्यांदेखत खून केला होता, हा एका पक्षाचा आधार होता. दुसऱ्या पक्षाने डम्बलडोर यांच्या काळ्या पडलेल्या हाताकडे लक्ष वेधले. ते आधीच मरणपंथाला लागले होते आणि हा मृत्यू दोघांनी मिळून ठरवला होता, असे या पक्षाचे म्हणणे होते. स्नेपच्या वागण्यामागे हॅरीची आई लिली हिच्यावरील प्रेम असावे, असाही तर्क होता. दुसऱ्या पक्षाच्या या दोन्ही तर्कांना सातव्या खंडाने दुजोरा दिला.

हॅरी हाच हॉरक्रक्स : हॅरीच्या कपाळावरील व्रण, सापांची भाषा कळण्याची शक्ती आणि व्होल्डेमॉर्टच्या मनाशी असलेले नाते यांवरून हॅरीमध्येच त्याच्या आत्म्याचा अंश असावा, असे काहींनी सुचवले. ज्या बालकाला ठार मारायचे त्याच्यातच आपला प्राण कोण ठेवील, हा त्यावरील आक्षेप होता. तो अंश व्होल्डेमॉर्टच्या नकळत हॅरीला चिकटला, असे उत्तर सातव्या खंडाने दिले. हा तर्क मानणे वाचकांना सोपे नव्हते. तो खरा असल्यास व्होल्डेमॉर्टचा अंत होण्यासाठी हॅरीलाही मृत्यू पत्करावा लागणार होता.

फसलेले तर्क : डम्बलडोर मेलेच नाहीत, ही कल्पना दीर्घकाळ टिकली. कालप्रवास करून भूतकाळात गेलेला रॉन म्हणजेच डम्बलडोर, असाही एक तर्क होता. पाचव्या खंडातील मार्क इव्हान्स या मुलाचे आडनाव लिलीच्या माहेरच्या आडनावाशी जुळत असल्याने तो हॅरीचा नातलग असावा, असे अनेकांना वाटले. तो कोणीही महत्त्वाचा नाही, असा खुलासा रोलिंग यांनी २००४ मध्ये केला.

लेखिकेचा प्रतिसाद

रोलिंग यांनी काही तर्क फेटाळले, तर काहींबाबत मोघम उत्तरे दिली. रेग्युलसविषयीचा अंदाज चांगला आहे, एवढेच त्यांनी २००५ मध्ये मान्य केले. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झालेल्या जाहीर वाचनाच्या वेळी सलमान रश्दी यांनी आपल्या मुलासह स्नेपविषयी प्रश्न विचारला. त्याच कार्यक्रमात डम्बलडोर निश्चितपणे मृत असल्याचे रोलिंग यांनी सांगितले. याच निमित्ताने स्टीफन किंग व जॉन आयर्विंग या लेखकांनी हॅरीला मारू नका, अशी विनंती त्यांना केली होती.

तर्कांची मर्यादा

वाचकांना कोठवर पोहोचता येते, हेही सातव्या खंडाने दाखवून दिले. मृत्यूच्या तीन भेटवस्तूंची संकल्पना आधीच्या सहा खंडांत नावानिशी आलेलीच नव्हती. हॅरीचा अदृश्य करणारा झगा पहिल्या खंडापासून समोर असूनही तो त्या तिघींपैकी एक आहे, हे ओळखण्यास कोणताच आधार नव्हता. याउलट, ड्रेकोने डम्बलडोर यांच्या हातातून छडी उडवल्याचा प्रसंग सहाव्या खंडात उघडपणे वर्णिलेला होता. अंतिम द्वंद्वाचा निकाल त्यावरच अवलंबून होता. खुनाच्या धक्क्यापुढे हा तपशील झाकोळून गेला.

महत्त्व

खरे ठरलेले तर्क बहुतांशी संहितेतील न उलगडलेल्या तपशिलांवर उभे होते. फसलेल्या तर्कांमागे अनेकदा आवडते पात्र परत यावे ही इच्छा होती, किंवा नामसाम्यासारखा तुटपुंजा आधार होता. स्नेपसंबंधीच्या वादाला याहून वेगळे परिमाण होते. डोळ्यांनी पाहिलेल्या कृतीवर विश्वास ठेवायचा, की ज्याने स्नेपवर अखेरपर्यंत विश्वास टाकला त्या डम्बलडोरच्या पारखीवर, हा त्यातील मूळ प्रश्न होता. मालिकेचे अनेक वाचक किशोरवयीन होते आणि त्यांनी या नैतिक प्रश्नावर दोन वर्षे पुरावे देऊन वाद घातला. २१ जुलै २००७ नंतर उत्तर सर्वांना ठाऊक झाले. त्यामुळे आज मालिका प्रथमच वाचणाऱ्यासही, शेवट आधी कानावर आला नसेल तरच, त्या अनिश्चिततेचा अनुभव घेता येतो.