आंतड्यांचा दाह आणि उपचारांचा बदललेला क्रम

पोटाच्या दुखण्याविषयीं आपल्या घरांत जितकें बोललें जातें तितकें दुसऱ्या कोणत्याहि दुखण्याविषयीं बोललें जात नाहीं. परंतु शौचावाटे रक्त पडूं लागलें कीं तेंच घर एकाएकीं मुकें होतें. प्रस्तुत लेखकाच्या पुतण्याचा मुलगा, वय वर्षें एकोणीस, आठ महिने हें सोसत होता. आजीनें ताक व सुरण दिलें, काकांनीं मूळव्याधीच्या गोळ्या आणल्या, आणि मी 'परीक्षेची धास्ती' म्हणून मोकळा झालों. वजन अकरा किलोंनीं उतरलें तेव्हां कोठें त्यास तज्ज्ञांकडे नेलें. दुर्बिणीनें आंतडें पाहिल्यावर क्रोनचा विकार ठरला.

आपल्या माधवनिदानांत अतिसार, ग्रहणी व अर्श अशीं लागोपाठ तीन स्वतंत्र प्रकरणें आहेत. ग्रंथकारानें जें निक्षून वेगळें ठेवलें तें आपण घरीं 'मूळव्याध' या एका शब्दांत कोंबतों, हें मला शिक्षक असूनहि उशीरा उमगलें.

आंतड्यांच्या चिरकारी दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आंतड्याच्या आंतील अस्तराचा रोग. तो बहुधा गुदापासून आरंभ करून वर सरकतो. दुसरा क्रोनचा, 1932 साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिंझबर्ग व ओपनहायमर या डॉक्टरांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तो मुखापासून गुदापर्यंत कोठेंहि, मध्यें निरोगी भाग सोडून, होऊं शकतो आणि आंतड्याच्या भिंतीची सारी जाडी पोखरतो. म्हणून त्यांत आंतडें अरुंद होणें, भगंदर होणें हे प्रकार घडतात. शरीराची संरक्षणशक्तीच आपल्या आंतड्यावर उलटते. त्यांत आनुवंशिकता व आंतड्यांतील जंतु यांचा वांटा आहे. मिरचीनें किंवा रागानें हा रोग जडत नाहीं, आणि तो संसर्गजन्यहि नाहीं. रोग्याचें ताट-वाटी निराळें काढण्याचें कांहींच कारण नाहीं. धूम्रपानानें मात्र क्रोनचा विकार बळावतो.

उपचारांचा इतिहास फार जुना नव्हे. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या विदुषी डॉक्टरांनीं 1940 च्या सुमारास सल्फासॅलॅझीन पुढें आणलें. 1955 साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह व विट्स यांनीं कोलायटिसच्या तीव्र झटक्यांत कॉर्टिझोनचा गुण सिद्ध केला. स्टेरॉइडानें रोगी चार दिवसांत उठून बसतो, आणि येथेंच घरचे लोक फसतात. कारण तीं दीर्घकाळ घेतल्यास हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि रोग दबून राहिला तरी निवत नाहीं. 1998 साली अमेरिकेंत क्रोनसाठीं इन्फ्लिक्सिमॅब मान्य झालें. दाह भडकविणाऱ्या टीएनएफ नांवाच्या द्रव्यासच तें बांधून टाकतें.

तरीहि पुष्कळ वर्षें वहिवाट अशी कीं सौम्य औषध आधीं, स्टेरॉइड मागाहून, आणि जालीम औषध सर्वांत शेवटीं. ही शिडी क्रोनच्या बाबतींत उलटी धरावी काय, याचा निर्णय 2024 साली प्रसिद्ध झालेल्या, केंब्रिजच्या पुढाकारानें ब्रिटनमध्यें झालेल्या प्रयोगानें बराचसा केला. नुकतेंच निदान झालेल्या 386 रोग्यांपैकीं ज्यांना आरंभींच इन्फ्लिक्सिमॅब व जोडीस दुसरें औषध दिलें, त्यांपैकीं शेंकडा 79 जण 48 आठवड्यांअखेर स्टेरॉइड व शस्त्रक्रिया यांवांचून बरे राहिले. जुन्या क्रमानें चाललेल्यांत हें प्रमाण शेंकडा 15 भरलें. मला गणिताची फारशी गोडी नाहीं, पण हे दोन आंकडे मीं वहींत लिहून ठेवले. सौम्य कोलायटिसमध्यें मेसालामीनसारखें साधें औषधच आजहि प्रथम देतात, हें विसरूं नये.

दुसरा पालट ध्येयाचा. रोग्यास बरें वाटणें ही आतां अर्धी गोष्ट समजतात. अस्तरावरील व्रण भरला पाहिजे. त्यासाठीं मलांतील कॅलप्रोटेक्टिन मोजतात व वेळोवेळीं दुर्बीण घालतात. औषधेंहि वाढलीं आहेत: मुख्यतः आंतड्यापुरतें काम करणारें वेडोलिझुमॅब 2014 पासून, आणि तोंडानें घेण्याच्या टोफासिटिनिबसारख्या गोळ्या 2018 पासून.

आपल्या देशांत एक अडचण निराळी आहे. आंतड्यांचा क्षय आणि क्रोन हीं दिसण्यांत इतकीं सारखीं कीं जाणत्यांचीहि फसगत होते. शिवाय टीएनएफविरोधी औषधानें सुप्त क्षय जागा होऊं शकतो. म्हणून छातीचें चित्र व क्षयाची तपासणी आधीं करावीच लागते. तींत गेलेले तीन आठवडे आम्हांस फुकट वाटले, ते फुकट नव्हते. खर्च अजूनहि जड आहे. तथापि 2014 च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडसनें अडॅलिमुमॅबची देशी आवृत्ति बाजारांत आणल्यापासून मध्यम स्थितीच्या घरांस थोडी वाट झाली.

आमचा मुलगा हेंच औषध दर पंधरवड्यास टोचून घेतो. चौथ्या महिन्यांत तो भरपेट जेवूं लागला, तेव्हां 'आतां किती दिवस हीं विषें?' असा प्रश्न माजघरांत निघाला आणि दोन टोचण्या चुकविल्या गेल्या. त्याला कोणी विचारलें नाहीं. दीड महिन्यांत रक्त पुन्हां दिसलें. सुदैवानें औषध पुन्हां लागू पडलें, कांहींजणांस तें मध्यें सोडल्यावर पुढें लागूच पडत नाहीं, असें डॉक्टरांनीं त्या दिवशीं स्पष्ट सांगितलें. तेव्हांपासून दिनदर्शिकेवर खुणा तो स्वतः करतो. पुढची टोचणी योगायोगानें एकादशीस येते. आजीनें त्या दिवशींचा उपवास त्याला आपण होऊन माफ केला आहे.